एमसीआर चप्पल: शिबिरातली, दुकानातली आणि करून घेतलेली

तळपायाची जाणीव गेलेल्या माणसाला एमसीआर चप्पल, म्हणजे खास मऊ रबराच्या तळाची चप्पल, औषधाइतकीच गरजेची असते. तरीही बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कितीतरी घरांत ती खाटेखाली नवीकोरी पडून असते. रबर चांगलं, माप बरं, शिवाय फुकट मिळालेली. पण काळी, जाड, मागे पट्टा असलेली ती चप्पल पायात दिसली की गल्लीला कळतं, हा कुष्ठरोगाचा माणूस. मग तो ती काढून ठेवतो, साधी रबरी स्लीपर घालतो आणि तळव्याला जखम झाली की दवाखाना गाठतो. म्हणून इथे पारख करताना रबर, बांधणी आणि माप यांच्या जोडीला दिसणं हीसुद्धा कसोटी धरली आहे. माणूस जी चप्पल चारचौघांत घालू धजत नाही, ती कितीही शास्त्रोक्त असली तरी आमच्या लेखी नापास.

आधी पायाचं काय होतं ते पाहू. कुष्ठरोगाचे जंतू नसांना इजा करतात. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी नस निकामी झाली की तळवा बधिर होतो, घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडून भेगाळते. यावरची एमडीटीची, म्हणजे एकत्र घ्यायच्या अनेक औषधांच्या उपचाराची, औषधं देशभर मोफत मिळतात. कमी जंतूंच्या प्रकारात ६ महिने, जास्त जंतूंच्या प्रकारात १२ महिने. रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच लागण पसरायची थांबते. पण बराच काळ बधिर राहिलेला पाय सहसा पुन्हा जाणता होत नाही. वेल्लोरला काम केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रोगाने बोटं झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते आणि पाय तुकड्या-तुकड्याने खर्ची पडतो. बरा झालेल्या माणसाच्या पायाची अशी जुनी जखम बघून लोक बाकावर लांब सरकतात. त्या जखमेतून कुष्ठरोग पसरत नाही. शेजारी बसावं, त्याच्या हातचा चहा घ्यावा, काही होत नाही.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आत बारीक बंद बुडबुडे असलेलं मऊ रबर, शोअर मापावर कडकपणा १५ अंशांच्या आसपास आणि जाडी १० मिलिमीटर. त्याचं काम एकच: टाचेवर आणि बोटांच्या मुळाशी एकवटणारा भार सगळ्या तळव्यावर वाटून देणं. ओळखायला यंत्र लागत नाही. कडेला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोरात दाबा. जाडी जवळपास निम्मी व्हायला हवी आणि सोडताच पुन्हा जागेवर यायला हवी. दबतच नसेल तर ते साधं स्लीपरचं रबर. दबून तसंच राहिलं तर फोम, आणि फोमवर पाय काही आठवड्यांतच जमिनीला टेकतो.

मऊ थर एकटा पुरत नाही. त्याखाली कडक रबराचा सोल हवाच, नाहीतर बाभळीचा काटा किंवा तोडणीनंतर उसाच्या फडात राहिलेले बुडखे सरळ आत घुसतात, आणि काटा मोडलाय हे रक्त दिसेपर्यंत कळत नाही. बांधणीत आणखी तीन गोष्टी बघाव्यात. खिळा एकही नको. सोल झिजला की खिळ्याचं टोक वर येतं आणि बधिर पायात रुततं. मागे टाचेचा पट्टा हवा, कारण बोटांत जोर नसला की चप्पल धरून ठेवता येत नाही, ती निसटते, घासते. आणि अंगठ्याचा बंद किंवा बोटांच्या बेचक्यातली दांडी नको. बेचक्यातली कातडी तिथेच कापली जाते आणि ती जखम आरशाशिवाय दिसतही नाही.

आता तीन प्रकार.

तालुका दवाखान्यातून किंवा शिबिरातून मिळणारी चप्पल रबराच्या बाबतीत पुष्कळदा सगळ्यांत खरी असते. गरज असलेल्याला वर्षाला दोन जोड देण्याची तरतूद आहे, ती हक्काने मागावी. सोबतचं माहितीपत्रक कन्नडमध्ये असतं. सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचता येत नाही, तेव्हा आशाताईंकडून मजकूर समजून घ्यावा, लाजू नये. उणिवा तीन. मापं ठरावीक नंबरांची असतात, आणि वाकलेल्या बोटांचा, एका बाजूला कललेला किंवा आखूड झालेला पाय कुठल्याच नंबरात बसत नाही. पावसाळ्यात डिंक सुटतो, पट्टा एका टोकाने उचकटतो. तिसरी उणीव दिसण्याची. सगळ्यांना एकच रंग, एकच घाट. एखाद्या गावात चार-पाच जणच ती घालत असतील तर ती चप्पल म्हणजे पायात बांधलेली पाटीच. रंग आणि पट्ट्यांचे चार-पाच नमुने ठेवायला फारसा खर्च येऊ नये. ते व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुकानात 'डायबेटिक' म्हणून मिळते तिची गोष्ट वेगळी. मधुमेहातही नसा जातात, तळवा तसाच बधिर होतो, जखमा त्याच जागी होतात, म्हणून रबरही तेच लागतं. कधी एमसीआर, कधी एमसीपी नावाचा त्याचा भाऊबंद. बेळगावात खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत पादत्राणांच्या दुकानांत विचारलं तर मिळते. ही चप्पल निवृत्त मास्तर घालतात, वकील घालतात, बागेत फिरायला येणाऱ्या आजी घालतात, आणि कुणी मान वळवून बघत नाही. विचारलंच तर 'शुगर आहे' म्हटलं की विषय संपतो. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस या उत्तराचा आडोसा घेत असेल तर त्याला नावं ठेवू नयेत. २०१९ च्या कायदादुरुस्तीपर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. ज्यांचा संसारच टांगणीला होता, त्यांना लपवायची सवय उगीच लागलेली नाही.

पण केवळ नावावर जाऊन ही चप्पल घेऊ नका. काहींत मऊ थर ५-६ मिलिमीटरचाच असतो, काहींत नुसता ईव्हीए, म्हणजे हलका फोम असतो आणि तो लवकर बसतो. चिमटीची परीक्षा दुकानातच करा. बोटं वाकलेली असतील तर पुढचा पट्टा बोटांच्या सांध्यांवर घासतो. पट्ट्याखाली बोट सहज सरकेल एवढी उंची हवी. बंद बूट घेत असाल तर आतला तळ निघणारा घ्या. तो काढून १० मिलिमीटरचा एमसीआर तळ कापून बसवता येतो, मात्र बुटाला तेवढी खोली हवी, नाहीतर पाय वर उचलला जाऊन बोटं छताला लागतात. हिरवा कंदील द्यायचा तर तो सरळ बोटांच्या, बधिर पण वेडावाकडा न झालेल्या पायाला. त्यापुढच्या पायाला ही पुरत नाही.

तिसरा प्रकार, करून घेतलेली चप्पल, आणि आमचा कौल तिला. आपला भाग यात नशीबवान आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना आहे, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर त्यात येतात. अथणी, मदभावी, निपाणी इथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, सगळं काम चामड्याच्या वादीने शिवलेलं. म्हणजे बांधणीतली सर्वांत अवघड अट त्यांच्या हातात आधीपासूनच आहे. अडचण तळाची: कोल्हापुरीचा चामडी तळ कडक असतो आणि तिला अंगठ्याचा बंद असतो. त्या दोन जागा बदलल्या की पायताण बाहेरून आपल्याकडचंच दिसतं आणि आतून बधिर पायाचं होतं.

कारागिराला काम सांगायचं ते असं. अंगठ्याचा बंद काढून टाका आणि त्याऐवजी मधला पट्टा तीन बोटं रुंद करा, आतून मऊ अस्तर लावा. पट्ट्यांची टोकं एमसीआर आणि खालचा सोल यांच्या मधे घ्या, पण तासून पातळ करून, नाहीतर तिथे उंचवटा येतो. शिवण एमसीआरच्या आरपार नेऊ नका. दोरा मऊ रबराला खाली खेचतो, खळगा पडतो आणि खळग्याच्या कडेवर भार येतो. आधी खालचा सोल आणि पट्टे शिवून घ्यावेत, मग एमसीआर वरून चिकटवावा, दोन्ही पृष्ठं खरवडून, डिंक दोन्हीकडे लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू देऊन आणि मग दाबून. घाईत ओला डिंक जोडला की पहिल्याच पावसात कड सुटते. गाठी सगळ्या बाहेरच्या अंगाला. कानांच्या, म्हणजे चपलेच्या बाजूच्या चामडी पाळ्यांच्या, कडा दुमडून गुळगुळीत. मागचा पट्टा वेल्क्रोचा करा आणि त्याच्या टोकाला मोठी कडी शिवा. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलं असेल तर बक्कल लावता येत नाही. कडीत मनगट किंवा अंगठा अडकवून पट्टा ओढता येतो.

आता दिसणं. एमसीआर आणि सोल मिळून तळ जाड होतो, आणि थर डोळ्यांत भरतात. कडेभोवती चपलेच्या रंगाची चामड्याची पट्टी फिरवली की थर झाकले जातात. तांबूस-तपकिरी रंग घ्या, पट्ट्यावर नेहमीची वेणी घाला. बायकांच्या चपलेला जर किंवा गोंडा हवा असेल तर तोही लावा, फक्त टाक्याचं टोक आत येऊ नये. असला सोस कशाला, असं कुणी म्हणेल. तर सोस नव्हे. सणाला, लग्नाला, बाजाराला हीच चप्पल पायात राहिली तर जखमा टळतात.

मापाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण काम बिघडतं ते इथे, आणि माणसाचा मान राहतो किंवा जातो तोही इथेच. बधिर पायाच्या माणसाला 'कशी बसते?' विचारून उपयोग नाही. तो 'बरोबर बसते' म्हणतो, कारण त्याला टोचत नाही. उलट घट्ट चप्पल त्याला बरी वाटते, कारण निदान काहीतरी जाणवतं. म्हणून माप कारागिराच्या डोळ्यांनी आणि हातांनी घ्यायचं. जाड कागदावर माणसाला उभं करावं, बसवून नव्हे. उभं राहिल्यावर पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून कडेकडेने फिरवावी. आत तिरकी गेली की माप अर्धा सेंटिमीटर सहज चुकतं. दोन्ही पाय वेगळे काढावेत. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण १ सेंटिमीटर जागा ठेवावी. मग पायाच्या मधल्या भागाभोवती टेप घालून घेर घ्यावा. शेवटी पाय उचलून तळवा बघावा आणि जुने व्रण, घट्टे, उंच आलेली हाडं यांच्या जागा कागदावर फुल्या मारून दाखवाव्यात.

चांगला कारागीर हे करताना पाय स्वतःच्या मांडीवर घेतो. "मामा, टाच इकडं सोडा, भार टाका," म्हणतो, बोटांच्या मुळाशी अंगठ्याने चाचपतो, कुठे कातडी जाड झालीय ते बघतो. वाईट कारागीर कागद-पेन्सिल लांबून पुढे करतो आणि "तुम्हीच काढून द्या" म्हणतो. असं झालं तर चप्पल तिथे करू नका. यात अपमानाचा भाग तर आहेच, पण पाय हातात न घेता केलेली चप्पल मापात बसूच शकत नाही, तेव्हा पैसेही वाया. आणि कारागिरांना एक सांगणं: बरा झालेला माणूस तुमच्या दुकानात आला तर इतर गिऱ्हाइकांसारखंच त्याला फळीवर बसवा, पाय धुऊन यायला सांगायचं असेल तर सगळ्यांनाच सांगा. जुनं गिऱ्हाईक कुरकुरलं तर "यांचा आजार केव्हाच बरा झालाय" एवढं एक वाक्य पुरतं. तुम्ही सहज वागलात की दुकानात बसलेले चौघेही सहज वागतात.

या प्रकाराचे तोटेही सांगायला हवेत. एमसीआरचा पत्रा गावोगावी मिळत नाही, कारागीर ओळखीच्या घाऊक दुकानातून मागवतो, तेव्हा वेळ लागतो आणि मधेच कुणी नेहमीचं मऊ रबर लावून देतो. पत्रा आल्यावर चिमटीत दाबूनच कामाला सुरुवात करू द्या. अस्सल चामडं भिजलं की आक्रसतं, वाळलं की पट्टा कडक होतो. खानापूरच्या पावसात हे फार जाणवतं. लावणीच्या चिखलात तर कुठलीच चप्पल टिकत नाही. तिथे एक नंबर मोठा गमबूट, आत एमसीआरचा तळ, आणि घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकणं. खडा, विंचू, काहीही असू शकतं. काम संपताच बूट काढून पाय धुवावेत.

नवी चप्पल कुठल्याही प्रकारची असो, पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला. काढून दोन्ही तळवे, पट्ट्याखालची जागा आणि टाचेची मागची बाजू बघा. लाली दिसली आणि थोड्या वेळात ती गेली नाही, तर तिथे दाब आहे. चप्पल परत न्या. लाली नसेल तर रोज थोडा वेळ वाढवत एक-दोन आठवड्यांत दिवसभर. तळवा दिसत नसेल तर आरसा वापरा, नाहीतर घरातल्या कुणाला बघायला सांगा. रोज साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवून, जाड कातडी खरबरीत दगडाने हलकी घासून, ओल्या पायावर खोबरेल लावायचं. गरम पाणी कधीच नको. गरम किती आहे ते पायाला कळत नाही.

खरी अडचण उंबऱ्याच्या आत सुरू होते. आपल्याकडे चप्पल दारात काढायची. मग बधिर पाय घरभर उघडा फिरतो, चुलीपाशी निखाऱ्यावर पडतो, फरशीच्या फुटक्या कडेवर घासतो. उपाय साधा: घरात वापरायला वेगळा जोड, जो बाहेर जातच नाही. देवघर आणि सैपाकघर विटाळेल, ही भीती घरच्यांनी सोडायला हवी. पाहुण्यांच्या घरी माणूस तोंड उघडून मागणार नाही, तेव्हा यजमानांनीच म्हणावं, "काका, पायातलं राहू दे." जेवणाच्या पंगतीचंही तसंच. मांडी घालून बसलं की घोट्याचं बाहेरचं हाड जमिनीवर दाबलं जातं आणि तिथे जखम होते. निपाणीत सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बाईचा पाय बधिर असेल तर तिला हा धोका रोजचाच. घोट्याखाली जाड घडी ठेवावी किंवा पाय सरळ सोडून बसावं. कार्यात एकट्याला कोपऱ्यात खुर्ची देऊ नका. त्याच पंगतीला चार-पाच खुर्च्या लावा, गुडघेदुखीवाल्या मावश्याही त्यावर बसतील.

देवाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काला दुपारच्या उन्हात अनवाणी जाऊ नका. तापलेल्या दगडाने बधिर तळव्याला फोड येतात, ते घरी येऊनच दिसतात. पहाटे जा, चप्पल शेवटच्या पायरीपर्यंत पायात ठेवा. गाडीवर मागे बसताना सायलेन्सरपासून पाय लांब.

चप्पल साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. ऊन आणि रॉकेल दोन्ही रबराला मारक. महिन्यातून एकदा चिमटीची परीक्षा टाचेखाली आणि बोटांच्या मुळाखाली करा. तिथला थर कडेच्या मानाने पातळ आणि निर्जीव लागला की रबर संपलं, वरचं चामडं कितीही चकचकीत असो. रोज चालणाऱ्याचं हे साधारण सहा महिन्यांत होतं, शेतात राबणाऱ्याचं त्याआधीही. करून घेतलेल्या चपलेचा फायदा इथे कळतो: फक्त एमसीआर खरवडून नवा चिकटवता येतो.

जखम उघडी असेल तर मात्र चपलेवर विसंबू नका. ती जखम टाळते, भरून आणत नाही. त्यासाठी दवाखाना आणि पायाला विश्रांती. पाऊल लोंबत असेल, म्हणजे चालताना बोटं जमिनीला घासत असतील, तर गुडघ्याखालच्या पट्ट्यापासून चपलेपर्यंत येणारी स्प्रिंग लागते, आणि क्वचित शस्त्रक्रियाही. ते डॉक्टर ठरवतील. आणि जुना जोड फेकू नका. नव्याचं माप द्यायला जाताना तो सोबत न्या. जिथे रबर सर्वांत जास्त दबलंय, तिथे तुमचा भार एकवटतो आणि पुढची जखम तिथेच होऊ शकते. कारागीर तो ठसा बघून नव्या तळात त्या जागेच्या किंचित मागे एमसीआरची छोटी उशी लावू शकतो, म्हणजे भार मागे सरकतो.